भवानीचं गिऱ्हाईक

माझ्या बाल्कनीत सुके बोंबील कसे आले हे सांगण्याआधी एक गोष्ट साफ सांगून टाकतो. मी शाकाहारी आहे. नुसता शाकाहारी नाही, पक्का. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. एकदा कुणीतरी केक आणून दिला, तर हिने खोक्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली आणि मगच मला तुकडा दिला. ही आज असती तर बाल्कनीकडे बघून तिनं काय केलं असतं, याचा विचार मी टाळतो. पण हसली असती, एवढं नक्की.

माझं नाव त्र्यंबक. डोंबिवलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. राहायला ठाकुर्लीला, स्टेशनच्या वाटेवर तळमजल्याचं घर. दार दिवसभर उघडं. गाडी पकडायला धावणारा माणूससुद्धा धावता धावता आत डोकं घालून "काय काका, चहा झाला का?" असं विचारून जायचा आणि उत्तराला थांबायचा नाही. तेव्हा मला त्या लोकांचा राग यायचा. पुढे ही गेली. मुलगा सुशांत म्हणाला, बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे चला. त्यानं बाळकुमला टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, मला आणलं, आणि वर्षाच्या आत कंपनीनं त्यालाच उचलून मेलबर्नला नेलं. एकटं राहू नये म्हणून आलेला मी मोठ्या फ्लॅटमध्ये एकटा राहू लागलो. आहे की नाही मजा!

टॉवरमध्ये माणसं नाहीत असं नाही. भरपूर आहेत. लिफ्टमध्ये भेटतात, पण सगळी दारावरच्या आकड्यांकडे बघत उभी असतात, जणू त्यांचा दहावीचा निकाल तिथे लागणार आहे. लिफ्टमधली बाई मात्र न चुकता "एकोणिसावा मजला" असं गोड आवाजात सांगते. सुरुवातीचे काही महिने मी तिला थँक्यू म्हणायचो. हसू नका. दिवसभरात आपल्याशी कुणीतरी एकच वाक्य बोलणार असेल तर तुम्हीही म्हणाल.

सुशांत रविवारी व्हिडिओ कॉल करतो. दर वेळी म्हणायचा, "बाबा, एक चावी शेजारी देऊन ठेवा ना."

"कुणाला देऊ?"

"अहो, कुणालाही."

मी "देतो" म्हणायचो आणि चावी खिळ्यालाच राहायची. कारण मला त्या मजल्यावरच्या एकाही माणसाचं नाव ठाऊक नव्हतं. त्यातच पलीकडच्या टॉवरमधले एक गृहस्थ घरातच वारले आणि कळलं बऱ्याच दिवसांनी. आमच्या ग्रुपवर तो मेसेज आला, त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि लगेच कुणीतरी विचारलं की आज टँकर येणार का. मी त्या रात्री मनाशी हिशेब केला. सोमवारी मी दार उघडलं नाही, तर ते कळणार रविवारी. मेलबर्नला. हा हिशेब मी एकदाच केला. मला त्याची भीती वाटली.

अशात एका सकाळी मी कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं, तर शेजारच्या दाराबाहेर एक म्हातारी पाटावर बसलेली. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, पुढ्यात छोटी टोपली. शेजारी नवीन लोक राहायला आल्याचं लिफ्टमध्ये ऐकलं होतं, पण अशी प्रत्यक्ष माणूस म्हणून गाठ पहिलीच. मला काहीतरी बोलायचं होतं. पण कितीतरी दिवसांत बोलायची सवय मोडलेली. नमस्कार म्हणावं, की गुड मॉर्निंग, की आज उकडतंय? माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"काय, कशी दिली?"

आता टोपली दिसली की मराठी माणूस हेच विचारतो. टोपलीत काय आहे ते नंतर बघतो. मी नंतर बघितलं, आणि दोन पावलं मागे सरलो. सुके बोंबील होते.

"पन्नासला वाटा," म्हातारी म्हणाली.

"नको नको. मी सहज विचारलं."

"सहज?" तिनं मान वर केली. "आजून भवानी नाय झाली माजी. भवानीच्या वेलेला भाव इचारलास, न् आता सहज बोलतोस?"

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, एवढं मला माहीत होतं. त्या वेळी भाव विचारून गिऱ्हाईक तसंच गेलं तर विकणाऱ्याचा अख्खा दिवस बसतो, हेही माहीत होतं. ठाकुर्लीच्या बाजारात मी सकाळी लवकर भाजी घ्यायला गेलो की मुकाट्यानं चालायचो, ते त्याचमुळे. आणि नेमका इथे, एकोणिसाव्या मजल्यावर, लिफ्टसमोर मी घसरलो.

"अहो बाई, मी शाकाहारी आहे."

"मग खाऊ नको. घे न् ठेव. तीस दे."

"अहो, पण..."

"वीस. चल, तुजा नाय माजा नाय, धा."

मी भाव करतच नव्हतो. मी पळत होतो. मी दाराकडे एकेक पाऊल सरकत होतो आणि प्रत्येक पावलाला भाव उतरत होता. कडीला हात लागला तेव्हा ती म्हणाली, "बरा, येकच घे. रुपया दे. पन भवानी कर."

मी रुपया दिला. तिनं तो डोळ्यांना लावला, कपाळाला लावला, टोपलीवरून ओवाळला. टोपलीतला त्यातल्या त्यात देखणा बोंबील निवडून माझ्या हातावर ठेवला. मग गुडघ्यांवर हात रोवून उठली, "चला, आता चा पिते," म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी हातात बोंबील घेऊन पॅसेजमध्ये उभा राहिलो. एका माणसाशी इतकं बोलल्यामुळे मला धाप लागली होती.

संध्याकाळी तिची सून दक्षता दार वाजवून आली. तिच्याकडून सगळा उलगडा झाला. म्हातारीचं नाव मनुबाई. हे बाळकुममधलं जुनं कोळी कुटुंब. टॉवर उभा आहे त्यात यांचीही जमीन गेली आणि बदल्यात हा फ्लॅट मिळाला. मनुबाईनं जन्मभर बाजारात मासळी विकली. आता गुडघे गेले, तेव्हा बाजारातली जागा दक्षता सांभाळते आणि मुलगा पहाटेच मासळी आणायला बाहेर पडतो. दिवसभर घरात मनुबाई आणि टीव्ही.

"काका, त्यांचा आयुष्यभराचा नेम आहे. भवानी झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाहीत. मी म्हटलं, आई, धंदा मी करते ना, माझी भवानी ती तुमची भवानी. तर ऐकतच नाहीत! बोलतात, माझ्या हातानं विकल्याशिवाय दिवस उघडत नाही. तुम्ही रोज एक घ्याल का, प्लीज? पैसे मी देते तुम्हाला."

"पैसे राहू दे," मी म्हणालो. मला वाटलं, दोनचार दिवसांचा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणानं दार उघडल्याबरोबर रुपया पुढे केला. मनुबाईनं तो घेतला नाही. चेहरा असा केला की मी तिचा अपमान केलाय.

"ह्यो काय देवलातला दान हाय? भाव कर."

"पण भाव रुपयाच आहे ना?"

"कोन बोलला? आज पन्नास."

आणि मला पन्नासवरून पुन्हा रुपयापर्यंत उतरायला लावलं. बोंबलाला नावं ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही, हेही तिनंच शिकवलं. मी आयुष्यात मासा हातात धरला नव्हता, पण आठवडाभरात मी त्यांची अशी काही निंदा करू लागलो की काय सांगू! हा वाकडा आहे. ह्याचं तोंडच आवडलं नाही. कालचा निदान बरा दिसत होता, हा जन्मतःच रुसलेला दिसतो.

"तुजा तोंड बगलास काय आरशात?" मनुबाई म्हणायची. "चष्मा पूस आदी. अरे, कसा हिऱ्यावानी हाय!"

सत्तरी ओलांडल्यावर माणसाची एक अडचण होते. आपल्याला 'अरे' म्हणणारी माणसं संपतात. आई गेली, थोरला भाऊ गेला, कारखान्यातले दोघेतिघे गेले. बाकी सगळे काका, आजोबा, सर. आणि ही बाई पहिल्या दिवसापासून मला अरेतुरे करत होती. मला ते इतकं आवडायचं की मी मुद्दाम चुकीचं बोलायचो, म्हणजे ती आणखी दोन शब्द सुनावेल.

हळूहळू मी दाढी करून बाहेर यायला लागलो. मग इस्त्रीचा शर्ट. रात्री झोपताना उद्या कसला दोष काढायचा याची तयारी करायचो आणि एकटाच अंथरुणात हसायचो. आमचा आवाज चढला की मजल्यावरची दारं उघडायची, कुणी टाय बांधत, कुणी ब्रश तोंडात धरून बघत उभं राहायचं. आणि बाजारात दक्षताची विक्री वाढली. मनुबाईनं निकाल दिला की दादाचा, म्हणजे माझा, हात चांगला आहे. झालं! ज्या दिवशी गिऱ्हाईक कमी, त्या दिवशी दक्षताचा बाजारातून मला फोन, "काका, आज घाईघाईत केली का भवानी?" मी कारखान्यात पस्तीस वर्षं नकाशे काढले, पण माझ्यामुळे कुणाचा धंदा वाढल्याचं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

प्रश्न एकच होता. बोंबलांचं करायचं काय? भवानीचा माल परत घेत नाहीत. फेकावा, तर एवढं भांडून मिळवलेली वस्तू फेकवेना. शिवाय सोसायटीत कचरा वेगळा करायचा नियम, आणि सुका बोंबील ओल्या कचऱ्यात जातो की सुक्या, हे विचारणार कुणाला? स्वयंपाकघरात ठेवायचा प्रश्नच नव्हता. शेवटी बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर मी ते ओळीनं लटकवले, हिच्या रंगीत चिमट्यांनी, आणि वर हिची पापड वाळवायची जाळी टाकली. रोज एक वाढायचा. तोरणासारखं दिसायचं.

आता तुम्ही म्हणाल, आणि वास? तिथेच तर सगळी गंमत आहे. करोनात माझं नाक गेलं ते परत आलंच नाही. कापूर, फिनेल, फोडणी, मला सगळं सारखं. मला खरोखर कसलाही वास येत नव्हता.

बाकीच्यांना येत होता. आधी ग्रुपवर कुजबुज झाली, मग लिफ्टमध्ये नोटीस लागली. नोटीस प्रशांतची. प्रशांत आमचा सेक्रेटरी, राहतो बरोबर माझ्या खाली, अठराव्या मजल्यावर. माणूस वाईट नाही. पण त्याला काही वाटलं की तो बोलत नाही, नोटीस लावतो. क्लबहाऊसमध्ये मीटिंग झाली. नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना मनुबाईच्या सुनेकडे वळलेल्या. दक्षता बिचारी सांगत होती की घरात ताजी मासळी येते ती लगेच शिजते, टोपली झाकलेली असते, वास आमचा नाही. कुणी ऐकेना. मला असा राग आला की मी उभाच राहिलो.

"मी यांच्या अगदी शेजारी राहतो," मी गरजलो. "शिवाय जन्माचा शाकाहारी. मला तर काडीचाही वास येत नाही! ही नुसती मनाची समजूत आहे!"

सगळ्या माना आता माझ्याकडे वळल्या. माझ्यासारख्या माणसाला वास येत नाही म्हटल्यावर बोलणार काय? प्रशांतनं नाक पुसलं आणि जाहीर केलं की पुढच्या मीटिंगपर्यंत बघू, नाहीतर पॅसेजमधली टोपली बंद. मी घरी आलो तो छाती काढून. बाल्कनीत गेलो आणि माझ्या बोंबलांना सगळी हकिगत सांगितली. त्यांच्याशी बोलायची सवय लागली होती, काय करता?

दोन दिवसांनी सकाळी उठलो, लुंगीवरच बाल्कनीत गेलो. आदल्या दिवशीचा बोंबील शर्टाच्या खिशातच राहिला होता, तो लावायचा होता. खाडीवरून जोराचा वारा आला. जाळी उडाली ती थेट खाली गेली, आणि पाठीमागे काचेचं दार धाडकन लागलं. खट्ट असा आवाज झाला. मी वळून ओढलं. पुन्हा ओढलं. आतली खिट्टी पडली होती.

फोन आत, चार्जिंगला. चष्मा आत. चावी आत, खिळ्यावर. मी बाहेर, एकोणिसाव्या मजल्यावर, लुंगी आणि बनियनमध्ये, बोंबलांच्या सोबतीला.

आधी मी ओरडलो. घोडबंदर रोडचे हॉर्न तोवर सुरू झाले होते. मला माझाच आवाज ऐकू येईना. समोरच्या टॉवरमध्ये एक मुलगी बाल्कनीत व्यायाम करत होती. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. तिनंही हलवले. मी आणखी वर करून, कात्रीसारखे हलवले. तिनं नीट बघून घेतलं आणि तसेच कात्रीसारखे हलवले. मी उड्या मारल्या, तिनंही मारल्या. शेवटी मी दमून कठड्याला टेकलो, तेव्हा तिनं अंगठा दाखवला आणि आत गेली.

मग कावळे आले. जाळी गेल्यामुळे त्यांना सगळा खजिना दिसला होता. एक आला, त्यानं इतरांना बोलावलं, आणि मी हातात झाडू घेऊन माझ्या भवानीच्या मालाचं रक्षण करू लागलो. खोटं कशाला सांगू, त्या अवस्थेतही मला हसू येत होतं. पण ऊन चढलं, घसा सुकला, तेव्हा हसू गेलं. तोच जुना हिशेब पुन्हा समोर आला. वार मंगळवार. सुशांतचा फोन रविवारी.

मनुबाई आठवली नाही असं नाही. पण मी स्वतःला समजावलं की ती थोडा वेळ वाट बघेल, मग दुसरं कुणीतरी दार उघडेल, रुपया देईल, आणि तिचा दिवस उघडेल. बाजारात एक गिऱ्हाईक गेलं की दुसरं येतं. मी काय असा मोठा लागून गेलो? आणि मला एकदम रडू आलं. झाडू हातात धरून, कावळ्यांच्या समोर.

रडून झाल्यावर डोकं चाललं. मी एक बोंबील काढला आणि खाली फेकला.

तो स्विमिंग पूलमध्ये पडला. दुसरा बागेतल्या बाकावर. तिसऱ्यानं प्रशांतच्या गाडीची काच गाठली. मुंगीएवढी माणसं गोळा होऊ लागली, वर बघू लागली. मी हात हलवत होतो, फेकत होतो, हात हलवत होतो. कधी वाटलं की कुणी मला पाहिलं, पण ती सगळी माणसं एकदम आत पळाली. त्यांना एवढ्या उंचावरची बाल्कनी कुणाची हे कुठलं कळणार? त्यांनी बोंबील पाहिले आणि घर ठरवून टाकलं.

पुढचं मला प्रशांतनंच नंतर सांगितलं, तेही हसून हसून डोळे पुसत. तो हातात ओला बोंबील घेऊन, मागे दहाबारा माणसं घेऊन एकोणिसाव्या मजल्यावर आला. मनुबाई पाटावर बसलेली. टोपली भरलेली.

"आजी, हे काय चाललंय? तुमच्या घरातून मासे फेकतायत खाली!"

मनुबाईनं बोंबील हातात घेतला, उलटासुलटा केला. "ह्यो माज्या टोपलीतला हाय खरा. पन घरातला नाय. ह्यो वाकरा म्हनून दादानं नावं ठेवलेली, त्यालाच इकला."

"कोण दादा?"

तिनं माझ्या दाराकडे बोट केलं.

"त्र्यंबककाका? अहो, ते शाकाहारी आहेत!"

"मग काय झाला? रोजचा गिऱ्हाईक हाय माजा."

तेव्हा कुणीतरी माझ्या दाराशी नाक नेलं आणि दोन पावलं उडालं. वास तिथून येत होता. प्रशांत म्हणतो की त्या क्षणी त्याला मीटिंगमधलं माझं भाषण आठवलं आणि भिंतीला टेकावं लागलं.

पण मनुबाई हसली नाही. ती सकाळपासून दर थोड्या वेळानं माझी बेल दाबत होती. कुणी दार उघडत नव्हतं. तिला वाटलं, पोराकडे गेला असेल. पण तो सांगितल्याशिवाय जाणार नाही. ती तशीच बसून राहिली. समोरच्यांची कामवाली म्हणाली, आजी, मला द्या एक, तर मनुबाईनं दिला नाही. प्रशांतनंही घाईघाईनं खिशात हात घातला, "आजी, मी करतो भवानी, पण तुम्ही आधी आत जाऊन पाणी प्या. ओठ सुकलेत तुमचे."

"नाय," मनुबाई म्हणाली. "माजा भवानीचा गिऱ्हाईक ठरलेला हाय. त्यो आत हाय. त्याला काय तरी झालाय. दार उघरा!"

आणि मग तिनं माझ्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला सुरुवात केली. हा आवाज मला ऐकू आला. अख्खा फ्लॅट मध्ये होता, जाड काच मध्ये होती, घोडबंदर रोड बोंबलत होता, तरी ऐकू आला. उभ्या बाजाराला आरपार जाईल असा तो आवाज.

"दादा! ए दादा! दार उघर रं! माजी भवानी नाय झाली!"

मी काचेला चिकटलो आणि ओरडलो. शब्द आठवत नाहीत. बहुतेक "आलो, आलो" असंच काहीतरी, जणू मी नुसता आंघोळीला गेलो होतो.

सोसायटीचा सुतार आला, कुलूप तोडायला त्याला बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा आत पंधरावीस माणसं शिरली, ज्यांची नावं मला माहीत नव्हती, आणि सगळी काचेसमोर येऊन थबकली. समोर मी. लुंगी वर खोचलेली, हातात झाडू, डोक्यावर दोरी, दोरीवर उरलेले बोंबील, कठड्यावर कावळे. आधी एक हसला. मग हसण्याची अशी लाट आली की खिट्टी काढायचं कुणाला सुचेना. मीसुद्धा आतून, म्हणजे बाहेरून, हसत होतो.

गर्दीतून वाट काढत, एकेका गुडघ्याला शिव्या देत मनुबाई पुढे आली. तिनं खिट्टी काढली. मला वाटलं, विचारेल, काय झालं, बरा आहेस ना? तिनं पदराखालून एक बोंबील काढला आणि माझ्यासमोर धरला.

"पन्नास."

माझा घसा कोरडा ठणठणीत. पण सवय ती सवय.

"हा... हा पोटाला बारीक आहे."

"तुजा पोट बग. तीस."

"ह्याचा डोळा चुकलाय."

"धा. नाय, रुपया दे. आता बोलू नको, मना चक्कर येते."

मी देव्हाऱ्यातला रुपया आणून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो डोळ्यांना लावला, कपाळाला लावला, आणि या वेळी टोपलीवरून न ओवाळता माझ्यावरून ओवाळला. मग माझ्या सोफ्यावर बसली. "पानी दे," म्हणाली.

मी तांब्याभर पाणी आणलं. तिनं ते एका दमात संपवलं आणि तांब्या परत पुढे केला. भिंतीवरच्या घड्याळात दुपार झाली होती. त्या उकाड्यात, त्या वयात, माझ्या दाराबाहेर ती पाण्याशिवाय बसली होती, कारण मी आलो नव्हतो. ही गेल्यापासून, कुणाचं जेवण माझ्यासाठी अडतं हे मी विसरलो होतो. मी दुसरा तांब्या काठोकाठ भरून आणला.

त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याच घरी चहा घेतला. कप पुरले नाहीत, लोकांनी आपापले आणले, आणि परत नेताना बदलले. माझ्याकडे अजून कुणाचातरी 'बेस्ट मम्मी' लिहिलेला कप आहे. बोंबील दक्षता घेऊन गेली आणि त्यांची चटणी करून ज्यांना चालते त्यांना वाटली. प्रशांतनं तिसऱ्यांदा मागून घेतली, आणि लिफ्टमधली नोटीस त्याच संध्याकाळी निघाली. आता मी रोजचा बोंबील विकत घेतो आणि तिथल्या तिथे प्रशांतला देतो. तो दुसरं गिऱ्हाईक. त्याच्यामागे टायवाला, टायवाल्यामागे ब्रशवाला. सकाळी आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की आतली माणसं आकडे सोडून बाहेर बघतात.

सुतारानं नवीन कुलूप बसवलं, त्याच्याबरोबर तीन चाव्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्यातली एक चावी हातात घेऊन बाहेर आलो. मनुबाई पाटावर बसलेली. टोपलीवरचं फडकं अजून काढलेलं नव्हतं.

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. जन्मभर विकणाऱ्या बाईच्या तोंडी समोरची वस्तू बघितली की जे येतं, तेच आलं.

"काय रं, कशी दिली?"

मी खाली बसलो, तिच्या पाटासमोर, फरशीवर.

"मनुबाई," मी म्हणालो, "आजून भवानी नाही झाली माझी. आता भाव विचारलात. घेतल्याशिवाय जायचं नाही."

मग तिनं चावी हातात घेतली, नखानं तिचे दाते तपासले आणि नाक मुरडलं.

"वाकरी हाय," ती म्हणाली, चावी डोळ्यांना लावली, कपाळाला लावली आणि कमरेच्या बटव्यात टाकली.